आधी तास मोजा, मग काम मागा

प्रवेशाची गर्दी ओसरली की आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी विकास विभागाच्या दाराशी मुलं घुटमळायला लागतात. दोघं-तिघं मिळून येतात. एक जण आत डोकावतो, बाकीचे जिन्यापाशी थांबतात. ‘सर, कमवा आणि शिकाचा फॉर्म मिळेल का?’ हे विचारताना आवाज इतका खाली, की उसने पैसे मागायला आल्यासारखं वाटावं. फॉर्म मी देतोच, पण त्याआधी एक कोरा कागद पुढे सरकवतो आणि सांगतो, ‘यावर तुझा आठवडा मांड. सोमवार ते रविवार, उठल्यापासून झोपेपर्यंत.’ मुलं बुचकळ्यात पडतात. काम मागायला आलो तर सर वेळापत्रक काय मागताहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. तरीही हा कागद भरून घेतल्याशिवाय मी कुणालाही कामाला लावत नाही. शिकताना काम करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो भरावा, असं मला मनापासून वाटतं.

मागे एक मुलगी आली होती. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, करमाळ्याकडची, वसतिगृहात राहणारी. वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन, धाकटा भाऊ बारावीला. तिने कागदावर सकाळी दोन तास ग्रंथालय आणि संध्याकाळी तीन तास एका खासगी शिकवणीत पेपर तपासणं, असं रोजचं पाच तासांचं काम आधीच लिहून टाकलं होतं. उरलेल्या जागेत कॉलेज बसवलं होतं आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘अभ्यास – रात्री’ असं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, ‘आता आपण उलट्या बाजूने सुरुवात करू.’

आठवड्याचे तास १६८. झोपेला रोज सात म्हणजे ४९ गेले, उरले ११९. आता अभ्यास. इथे बहुतेक मुलांचा अंदाज चुकतो, कारण अभ्यास म्हणजे परीक्षेच्या आधीचा महिना असंच त्यांनी धरलेलं असतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला, त्यात एका क्रेडिटमागे ३० तास धरले आहेत. तास, प्रॅक्टिकल, असाइनमेंट आणि घरी बसून करायचा अभ्यास हे सगळं त्या तिसात आलं. एका सत्राला २२ क्रेडिट असतील तर ६६० तास होतात. सत्रात शिकवण्याचे साधारण पंधरा आठवडे मिळतात, म्हणजे आठवड्याला ४४ तास. ऑफिसात पूर्ण वेळ नोकरी करणारा माणूस जवळपास एवढेच तास भरतो. तुमचं शिक्षण हीच तुमची पूर्ण वेळची नोकरी आहे, आणि तुम्ही जे काम शोधताय ते तिच्यावरचं जादा काम आहे, हे आकड्यात दिसलं की मुलं गप्प होतात.

पुढचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. ४४ वजा केल्यावर उरले ७५. अंघोळ, कपडे धुणं, मेसची रांग, दोन वेळचं जेवण, खोलीची झाडलोट यांना रोज चार तास लागतात, म्हणजे २८ गेले. येण्याजाण्यात सहा. घरी फोन, मैत्रिणी, जरा नुसतं पडून राहणं यांना रोज दीड तास धरला, तर आणखी दहा-साडेदहा. हाती राहिले तीस. ‘सर, म्हणजे रविवार सोडून पाच तास रोज जमतातच की,’ ती म्हणाली. कागदावर जमतात, यात शंका नाही. पण हे तीस तास एका जागी साठलेले नसतात. सोमवारी दोन तासांच्या मधली पन्नास मिनिटं, बुधवारी प्रॅक्टिकल लवकर संपलं म्हणून मिळालेला एक तास, शनिवारी दुपार, असे ते विखुरलेले असतात. त्यातले निम्मे हातात येतात, निम्मे सांडतात. ताप येतो, एसटी चुकते, जर्नल पुन्हा लिहावं लागतं. म्हणून माझं मत असं, की सत्र चालू असताना आठवड्याला बारा तास काम हे योग्य, पंधरा ही शेवटची मर्यादा. त्यापुढचा प्रत्येक तास झोपेतून किंवा अभ्यासातून कापलेला असतो, आणि मुलं आधी झोप कापतात, कारण तिची तक्रार लगेच येत नाही.

परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनाही हाच हिशेब लागू पडतो. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. तिथे तो नियमच आहे, मोडला तर राहण्याचा हक्क धोक्यात येतो. आपल्याकडे असा पहारा कुणी करत नाही, म्हणून आपला पहारा आपणच ठेवायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजबाहेर एका औषधांच्या दुकानात संध्याकाळी सहा ते अकरा काम धरलं होतं. पैसे बरे होते आणि मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. पण ‘आज जरा स्टॉक लावून जा’ म्हणाला की साडेअकरा व्हायचे. खोलीवर पोहोचेपर्यंत बारा. सकाळी साडेसातला संख्याशास्त्राचा तास. पहिला महिना मी डोळे ताणून बसलो, दुसऱ्या महिन्यात शेवटच्या बाकावर गेलो, तिसऱ्या महिन्यात तासाला जाणंच सोडलं. त्या वर्षी संख्याशास्त्रात माझी एटीकेटी लागली. तो विषय पुन्हा काढायला पुढच्या वर्षाचे जे तास गेले, त्यांची किंमत दुकानातल्या पगारात कधीच धरली गेली नव्हती. पुढच्या वर्षी मी कॉलेजच्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निम्म्याहून कमी पैशांवर काम घेतलं, आणि तिथून माझं गाडं रुळावर आलं.

फरक कामाच्या कष्टात नव्हता. प्रयोगशाळेत ब्यूरेट-पिपेट धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, दुसऱ्या दिवशीच्या बॅचसाठी द्रावणं करून ठेवणं हेही दमवणारंच काम होतं. फरक असा, की प्रयोगशाळेतल्या मामांना माझं वेळापत्रक पाठ होतं. ‘उद्या तुझी ओरल आहे ना? मग आज पाचलाच नीघ,’ असं ते स्वतःहून म्हणायचे. दुकानदाराला माझी परीक्षा कधी आहे हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. महाविद्यालयाच्या आवारातलं काम म्हणजे नेमकं हे. तिथला साहेब तुमची परीक्षा ओळखतो, तास संपला की काम पाच मिनिटांच्या अंतरावर असतं, आणि दांडी मारून कामावर आलात तर कुणीतरी हटकतं.

महाराष्ट्रात ‘कमवा आणि शिका’ची कल्पना ज्यांनी रुजवली, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. आपण त्यातल्या श्रमाचंच कौतुक करतो. मला त्यातली रचना जास्त मोलाची वाटते. काम आणि शाळा एकाच छपराखाली होती. मुलाच्या श्रमाचा हिशेब ठेवणारा आणि त्याच्या अभ्यासाची काळजी करणारा माणूस एकच होता. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा हीच रीत महाविद्यालयात आली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांनीही खेड्यांतून आलेल्या मुलांना शिक्षणाला श्रमाची जोड द्यायला शिकवलं. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेला कर्मवीरांचंच नाव आहे.

आता कुठलं काम मागायचं, याबद्दल. बहुतेक मुलं ‘सर, कुठलंही चालेल’ म्हणतात. असं म्हणू नका. प्रत्येक विभागाचं स्वतःचं वर्ष असतं, त्यात भरती-ओहोटी असते, आणि ती तुमच्या परीक्षेशी कधी जुळते, कधी टक्कर घेते. कार्यालयाचंच पाहा. जून-जुलैत प्रवेशअर्जांची छाननी, बोनाफाईड, ओळखपत्रं, फायलींचे ढीग असतात. तेव्हा तुमचा अभ्यास अजून सुरूही झालेला नसतो. नंतर काम निवळतं. परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत पुन्हा आठवडा-दोन आठवडे गर्दी उसळते, ती आधीच धरून चाला. ग्रंथालय सगळ्यांना आवडतं, कारण सावली असते आणि पुस्तकं हाताशी असतात. पण ग्रंथालयाची खरी गर्दी परीक्षेच्या तोंडावर होते. मुलं पुस्तकं न्यायला-परत करायला रांगा लावतात, अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी लागते, टेबलांवर पडलेली पुस्तकं पुन्हा रॅकवर लावायला ढिगाने साठतात. तुम्हाला ज्या आठवड्यात सुट्टी हवी, नेमका त्याच आठवड्यात ग्रंथपाल मॅडमना तुमचा हात हवा असतो. तरीही ग्रंथालय घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा, की सत्र चालू असताना मी काउंटरवर नको, शिक्के मारणं, बारकोड चिकटवणं, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी अशी कामं द्या, ती पुढेमागे करता येतात. प्रयोगशाळेचा जोर प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत असतो, म्हणजे लेखी परीक्षेच्या जरा आधी. विज्ञानाच्या मुलांना ते अवघड, पण कलाशाखेच्या मुलाला काचभांडी धुवायचं काम तेव्हा सहज जमतं. हा अदलाबदलीचा विचार कुणी करत नाही, करायला हवा. आणि बागेचं काम, ज्याला मुलं सगळ्यात आधी नाक मुरडतात, ते अभ्यासू मुलासाठी माझ्या मते उत्तम. सकाळी सहा ते आठ झाडांना पाणी, तण काढणं, गांडूळखताचे वाफे चाळणं. तासांच्या आधीच संपतं, डोकं मोकळं राहतं आणि अंगाला ऊन लागतं. दिवसभर पुस्तकात डोकं घालणाऱ्याला संध्याकाळी पुन्हा संगणकासमोर डेटा भरायला बसवू नये.

त्या करमाळ्याच्या मुलीला मी ग्रंथालयाऐवजी बाग सुचवली. तिला जरा वाईट वाटलं. शेत सोडून इथे आले, इथेही मातीच, असं ती बोलली नाही, पण तिच्या डोळ्यात ते दिसलं. दुसऱ्या महिन्यात मी सकाळी फेरी मारायला गेलो तर ती एका हाताने पाइप धरून उभी होती. दुसऱ्या हातात पत्त्यांएवढे कापलेले जाड कागद होते, एका बाजूला वनस्पतीचं कुळ, दुसऱ्या बाजूला त्याची लक्षणं. वाफ्याला पाणी लागेपर्यंत ती एक कागद वाचायची, मग आळं बदलायची, मनात उत्तर म्हणायची, मग कागद उलटून ताडून पाहायची. शिकवणीतलं पेपर तपासायचं काम तिने पहिल्याच महिन्यात सोडलं होतं.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, पण काम करणाऱ्या मुलाने एक सवय काटेकोरपणे लावून घ्यावी. जे शिकवलं ते त्याच दिवशी, झोपण्याआधी, वीस मिनिटं वही मिटून आठवावं. वाचू नये, आठवावं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेल्यातला मोठा वाटा पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच निसटतो. पूर्ण वेळ अभ्यास करणारा मुलगा हा तोटा पुढे रेटून भरून काढतो. तुमच्याकडे ते जादा तास नाहीत, म्हणून गळती तिथल्या तिथे थांबवायची. ‘रविवारी सगळं एकदम करतो’ हे काम करणाऱ्या मुलाचं सगळ्यात महागडं वाक्य आहे. रविवारी कपडे असतात, रविवारी घरून फोन येतो, रविवारी मेस एकच वेळ चालू असते.

हजेरीबद्दल मी कडक आहे. पंचाहत्तर टक्क्यांची अट सगळ्यांना तोंडपाठ असते, पण तिचा हिशेब कुणी मांडत नाही. एखाद्या विषयाचे सत्रात ६० तास झाले तर १५ चुकवता येतात. ते पंधरा तास तुमच्या आजारपणाचे आहेत, गावच्या जत्रेचे आहेत, बहिणीच्या साखरपुड्याचे आहेत. त्यातला एकही कामासाठी खर्च करायचा नाही. कुणी विभागप्रमुख ‘अर्धा तास जरा थांब, पाहुणे येताहेत’ म्हणाले आणि पुढे तुमचा तास असेल, तर नम्रपणे, पण स्पष्ट सांगा, ‘सर, माझा तास आहे, एक वाजता येतो.’ मुलांना वाटतं, असं बोललं तर काम जाईल. इतक्या वर्षांत असं बोलल्याबद्दल काम गेलेला एकही मुलगा मी पाहिलेला नाही. न सांगता गायब झाल्याबद्दल गेलेले मात्र बरेच पाहिले.

न सांगता गायब होण्याचा सगळ्यात मोठा घोळ परीक्षेच्या महिन्यात होतो. सबमिशन, जर्नलच्या सह्या, इंटर्नल, ओरल हे सगळं एकत्र येतं, मुलगा घाबरतो, फोन उचलत नाही, आठवडाभर कामावर फिरकत नाही. मग संकोचाने पुढेही येत नाही. हे टाळायला सत्राच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या तारखांचा अंदाज घ्या. विद्यापीठाचं वेळापत्रक आलेलं नसलं तरी मागच्या वर्षीचं असतं, त्यावरून आठवडे कळतात. तो कागद घेऊन ज्यांच्या हाताखाली काम करता त्यांना भेटा. म्हणा, ‘मॅडम, या तीन आठवड्यांत मी आठवड्याला चारच तास देऊ शकेन. त्याआधीच्या महिन्यात थोडे जास्त भरतो.’ आधी सांगितलेली अडचण समोरच्याला मान्य होते. अगदी आदल्या दिवशी सांगितलेली तीच अडचण त्याला बहाणा वाटते. त्या तीन आठवड्यांत काम पूर्ण बंद करू नका, चार तास तरी ठेवा. सगळा वेळ अभ्यासाला मिळाला की तो मुलगा दहा वाजता उठायला लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पैशांबद्दल आता. आवारातल्या कामाचं मानधन तासावर असतं, थोडं असतं आणि उशिरा येतं. हजेरीपत्रकावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग लेखा विभाग, मग बँक, असा त्याचा प्रवास असतो. म्हणून या महिन्याच्या मेसचं बिल या महिन्याच्या कामावर टाकू नका. हे पैसे हाती आले की सगळ्यात आधी पुढच्या सत्राच्या परीक्षा फीचे बाजूला काढा, वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मित्रांपुढे हात पसरावा लागत नाही. घरी पाठवायचे असतील तर ठरावीक रक्कम पाठवा आणि ती किती, हे आईवडिलांना आधीच सांगा. ‘पोरगं कमावतंय’ हा शब्द गावात फिरला की मागण्या वाढतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण मग मुलगा तास वाढवतो आणि जे शिकायला आला ते मागे पडतं.

काम मागण्याच्याही आधी करायची एक गोष्ट आहे. ज्या पैशांसाठी तास द्यावे लागत नाहीत, ते आधी मिळवा. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज न भरलेली पात्र मुलं मला दर वर्षी भेटतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, म्हणजे बरीच घरं त्यात बसतात. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् योजना आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत. कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाला भेटून आपण कशात बसतो ते विचारा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते पाहा, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. एक शिष्यवृत्ती वेळेत मिळाली तर कामाचे किती तास वाचतात, याचा हिशेब त्या कोऱ्या कागदावरच मांडून बघा.

आणखी एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहितो. मुलं हे काम लपवतात. वर्गातली पोरं व्हरांड्यातून येताना दिसली की हातातला झाडू भिंतीआड ठेवणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याला मी काही बोललो नाही. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची साफसफाई होती, तेव्हा मीही त्याच्याबरोबर फडका घेऊन टेबलं पुसली, व्हरांड्यातून सगळ्यांना दिसेल अशा बाजूला उभा राहून. पुढे तो झाडू लपवेनासा झाला. मित्रमैत्रिणींना कामाची वेळ माहीत असली तर त्याचा सरळ उपयोग होतो. नोट्स ठेवल्या जातात, प्रॅक्टिकलची जोडी तुमच्या वेळेप्रमाणे लागते, ‘हा येईल आठला, तोवर थांबू’ असं कुणीतरी म्हणतं. लपवणाऱ्याला ही मदत मिळत नाही. त्याने नुसताच गट सोडला, असं बाकीच्यांना वाटतं.

काम कधी सोडावं, हेही ठरलेलं असू द्या. सलग दोन आठवडे सकाळच्या तासाला डोळा लागतोय, एखाद्या विषयाच्या इंटर्नलला मागच्यापेक्षा गुण स्पष्ट घसरलेत, जेवण टाळलं जातंय, घरच्यांच्या फोनवर चिडचिड होतेय, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तास निम्मे करा. महिन्याभरात फरक पडला नाही तर ते सत्र काम थांबवा आणि पुढच्या सत्रात पुन्हा मागा. परत आलेल्या मुलाला आम्ही आनंदाने घेतो. मनावर फारच ओझं वाटत असेल तर वसतिगृहाचे अधीक्षक, एखादे जवळचे शिक्षक, कुणाशी तरी बोला. पैशांच्या काळजीने एकट्याने रात्र काढू नका. त्या काळजीवर महाविद्यालयाकडे उपाय असतात, फक्त ती कुणाच्या तरी कानावर पडावी लागते.

करमाळ्याची ती मुलगी आता एम.एस्सी. करते आहे. परवा भेटली तेव्हा तिने पर्समधून एक घडी पडलेला कागद काढून दाखवला. नव्या सत्राचा आठवडा मांडलेला. अभ्यास सगळ्यात वर, काम दहा तास, तळाशी झोप सात.

माझ्या सहकाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या टेबलावरून ही हजेरीपत्रकं जातात त्या विभागप्रमुखांना आणि कार्यालयातल्या मंडळींना, एक विनंती आहे. महिनाअखेरीस हजेरीपत्रक आलं की त्याच दिवशी सही करून पुढे पाठवा. तुमच्या फायलीत ते चार दिवस पडून राहिलं, तर मुलाच्या मेसचे पैसे कधीकधी महिनाभर लांबतात. आणि विद्यार्थ्यांनो, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीचं गुणपत्रक आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घेऊन याच आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. सोबत एक कागद न्या आणि त्यावर अभ्यासाचे तास आधी लिहिलेले असू द्या.